मापाची शेळी

महांतेशला तो खोडा अगदी मापात बसला होता. तसा फोटो खोक्यांचा होता. मुरुमच्या कारखान्यातून त्याच्या मालकानं, श्रीशैलनं, प्रसेनजितला सकाळी सातलाच पाठवलेला, खाली मजकूर : ‘काका, माल तयार. आज अकराला मुंबईहून फोन येईल. फक्त हो म्हणायचं.’ आणि पुढं जोडलेले हात. पत्र्याच्या शेडमध्ये लाकडी खोकी ओळीनं रचून ठेवली होती, आणि ओळीच्या टोकाला, अजून खोक्यात न गेलेल्या एका खोड्यात वेल्डर महांतेश ऐसपैस बसला होता. पाठ टेकलेली, दोन्ही हात दोन बाजूंच्या पट्ट्यांखाली, पाय खालच्या कड्यांमध्ये. हसत होता. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या माणसाला बूड टेकायला जागा मिळाली की येतं तसलं साधं हसू. प्रसेनजितनं दोन बोटांनी फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. साठी नुकतीच उलटलेली, त्यातली तीसहून अधिक वर्षं जनावरांच्या दवाखान्यात गेलेली. जनावर उभं कसं राहतं, कोणत्या पायावर भार टाकतं, खाली बसताना आधी काय दुमडतं, हे तो डोळे मिटून सांगू शकला असता. शेळी अशी बसत नाही. कोणतीच शेळी, कुठल्याच देशातली शेळी, पाठ टेकून बसत नाही. चहावर साय धरली, कप तसाच राहिला, आणि तेवढ्या वेळात त्याला एवढं कळून चुकलं की आठ दिवसांपूर्वी आपण डोळे झाकून सही केलेली आहे.

खोडा हा शब्दच त्याला नडला. दुसरा कुठला शब्द असता तर कदाचित त्यानं चष्मा लावला असता, कागद उजेडात धरला असता, दोन प्रश्न विचारले असते. पण खोडा म्हणजे त्याच्या घरातला शब्द. दवाखान्यापुढं रोवलेली चौकट : चार खांब, आडवे दांडे. जनावर आत उभं करायचं, मान अडकवायची, सुई टोचायची, खूर साळायचा, दांडा काढायचा आणि हाकलून द्यायचं. म्हशीचा मोठा, शेळीचा लहान. आयुष्यभर त्यानं या शब्दासाठी मागण्या लिहिल्या, पावत्या घेतल्या, गंज चढला म्हणून अर्ज केले. श्रीशैल टाइप केलेला कागद घेऊन आला तेव्हा तो फाटकापाशीच होता, स्कूटर पुसत. श्रीशैल म्हणाला, “काका, माल परदेशात जायलाय. वाटंत युरोपात एका बंदरावर जहाज बदलतंय. तिकडं कायदा हाय म्हणं, माणसाचा छळ कराया नाहीतर माणसाला मारायची शिक्षा द्याया कामाला यील असं कायबी तेंच्या बंदरातून हलू देत न्हाइत. आपल्या मालाला कडी-पट्टे दिसत्यात, म्हणून इचारायलेत. ह्यो शेळ्यांचा हाय एवढं एका जाणत्यानं लिहून द्यायचं.” प्रसेनजित हसला होता. “म्हणजे शेळीचा छळ केला तर चालतो म्हणायचं,” असा एक विनोदही त्यानं वर केला होता. आणि स्कूटरच्या सीटवरच कागद ठेवून सही ठोकली. घरातून शिक्का आणला. शिक्क्यावर जिल्ह्याचं जुनंच नाव. ते बदलून घ्यायचं राहून गेलं होतं. गावाचं नाव बदललं, स्टेशनचं बदललं, शेळी मात्र अजून उस्मानाबादीच म्हणवते आणि तिचं कुणी काही वाकडं केलं नाही, असंही तो त्या दिवशी म्हणाला होता. फार बोलला होता त्या दिवशी. कागदावर लिहिलं होतं : ‘सदर खोडा शेळ्या-मेंढ्यांच्या उपचारासाठी असून मी तो समक्ष पाहिला आहे.’ समक्ष. सरकारी नोकरीत हा शब्द इतक्या वेळा लिहावा लागतो की तो लिहिताना समोर काहीतरी असावं लागतं हेच माणूस विसरून जातो.

भाग्यश्री, त्याची बायको, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिची शाळा लवकरची. तिनं निघता निघता फोटो बघितला, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाली, “सही करायच्या आधी बघून यायला काय झालं होतं? बस तर दर तासाला आहे.” तिनं चप्पल घातली, परत वळली. “हो म्हणणार का तुम्ही?” उत्तराची वाट न बघता ती गेली. तिला त्याचा स्वभाव ठाऊक होता. भिडस्त माणूस. तोंडावर नाही म्हणायची वेळ आली की याच्या जिभेला गाठ बसते. नोकरीत पुढाऱ्यांच्या मेलेल्या म्हशींचे दाखलेसुद्धा यानं कुरकुरत का होईना लिहून दिले होते, आणि मग रात्रभर कूस बदलली होती. पण ती मेलेली म्हैस होती. घड्याळात साडेआठ झाले होते. अकराला अडीच तास होते, आणि एवढा मोठा वेळ कसा घालवायचा आणि एवढ्या थोड्या वेळात काय ठरवायचं, ही दोन्ही ओझी त्याला एकदमच जाणवली.

बघायला गेला नाही याचं खरं कारण भीड नव्हतं, भरवसा होता. श्रीशैलच्या वडिलांच्या, शंकरप्पांच्या कारखान्यातला खोडा त्यानं कशाला बघायचा? तो त्यानंच तर काढून दिला होता. नोकरीचं पहिलं ठाणं मुरुम. चोवीस वर्षांचा होता, हातात ट्रंक, आणि गावात खोली मिळेना. नाव विचारायचे, प्रसेनजित म्हटलं की नाव छान आहे म्हणायचे, आणि मग खोली कालच दिली म्हणायचे. आठवडाभर तो दवाखान्याच्या औषधांच्या खोलीत झोपला. शंकरप्पा नांगराचे फाळ आणि बैलगाडीचे आस करायचे, कपाळाला विभूती, गळ्यात इष्टलिंग, तोंडात निम्मं कानडी. एकदा बैल दाखवायला आले, खोलीत पथारी बघितली आणि म्हणाले, “हितं कशापायी? आमच्या माडीवर चला.” एवढंच. त्या माडीवर तो पाच वर्षं राहिला. खाली भाता, ऐरण, आणि दाराशी खुंट्याला एक काळी शेळी. ती दुधाची नव्हती, विकायची नव्हती. प्रसेनजितनं शेळ्यांच्या लहान खोड्याची कल्पना मांडली, वहीत आकृती काढली, उंची-रुंदी लिहिली, तेव्हा शंकरप्पांनी ती वही बाजूला ठेवली आणि बाजारातून ही शेळी आणली. “कागुद खोटं बोलतंय सायेब. शेळी खोटं बोलत न्हाय.” प्रत्येक खोडा तयार झाला की आधी शेळी आत. ती शांत उभी राहिली तर माल गाडीत. तिनं पाय झाडले, मान वाकडी केली, ओरडली, की दांडा परत तापायला. एक म्हातारी झाली की दुसरी यायची. नाव एकच, मापाची शेळी. माणसं म्हणायची, आप्पाच्या कारखान्यात इन्स्पेक्टर शेळी आहे.

आणि सिद्धम्मा. शंकरप्पांची बायको. पहिले सात-आठ महिने ती त्याचं ताट माडीच्या शेवटच्या पायरीवर ठेवायची. त्यात त्याला नवल वाटलं नाही, रागही आला नाही. येतो तेवढा आला, आणि भाकरीबरोबर गिळला. मग एका दुपारी, कसलासा सण होता, तो ताट घ्यायला उतरला तर पायरीवर ताटच नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारात ती उभी. आत पाट मांडलेला, त्यापुढं ताट. तो उंबऱ्याबाहेर घुटमळला. ती म्हणाली, “कुंद्रि.” कानडीत बसा. त्याला कानडी चार शब्द येत होते, त्यातला हा नव्हता. तिनं हातानं पाटाकडं दाखवलं आणि पुन्हा म्हणाली, “कुंद्रि.” तो बसला. शेंगाची पोळी होती. घास उतरेना, आणि हे तिला दिसू नये म्हणून तो खाली मान घालून बराच वेळ तुपाचा डाग बघत राहिला. पुढं महिनोन्‌महिने शेजारपाजारच्या बायका तिच्या घरी पाणी प्यायच्या बंद झाल्या, हे त्याला फार उशिरा, दुसऱ्याकडून कळलं. तिनं कधी सांगितलं नाही. श्रीशैल तेव्हा पाळण्यात होता.

सव्वानऊला फोन वाजला. अकरा वाजले नव्हते. श्रीशैलच होता, गाडीत, मागं वाऱ्याचा आवाज. “काका, निघालोय. जळकोट ओलांडलं बघा. तुमच्यासंगं बसतो, म्हंजी फोन आला तर म्या हाय बाजूला. आईनं डबा दिलाय.” प्रसेनजित ये म्हणाला. ये म्हणणं सोपं असतं. जळकोट म्हणजे तुळजापूरचा घाट धरून धाराशिवला तासभर, फार तर सव्वा तास. त्यानं फोन ठेवला आणि फोटो पुन्हा उघडला, आणि या वेळी महांतेशकडं न बघता त्याच्या मागं, खोक्यांच्या कडेला आडवा पडलेला दुसरा सांगाडा बघितला. तो रिकामा होता. म्हणून त्याची बैठक दिसत होती. बैठकीच्या मधोमध एक गोल भोक होतं. ताटलीएवढं, कडा घासून गुळगुळीत केलेली. कुणाला लागू नये म्हणून महांतेशनंच घासली असेल. काम चोख करायचा. प्रसेनजित त्या भोकाकडं बघत राहिला. मनगटांच्या पट्ट्या, घोट्यांची कडी, कपाळाची पट्टी, हे सगळं एका वेळेपुरतं असू शकतं. दहा मिनिटांसाठी कुणी बैठकीला भोक पाडत नाही.

किती वेळ, हेच वडिलांनी विचारलं होतं. तात्याराव. बेंबळीला बदली झाल्यावर तिथल्या दवाखान्याला नवाकोरा लोखंडी खोडा मिळाला, आणि घरी जेवताना त्यानं कौतुकानं सांगितलं, दवाखान्यात खोडा आला. तात्यारावांचा हात ताटातच थांबला. मग त्याच्या लक्षात आलं की लहानपणापासून हा शब्द त्यानं वडिलांच्या तोंडून कधी ऐकलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी म्हातारा धुतलेला सदरा घालून दवाखान्यात आला. खोड्याभोवती एक फेरी मारली. आडव्या दांड्यावर तळवा ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. एक गाय आत होती, तिच्या डोळ्यांकडं बघितलं. “किती येळ ठिवतो हिला?” “दहा मिनिटं, तात्या. फार तर पंधरा.” “मग सोडतो?” “सोडतो की.” “रोज सोडतो? समद्यांना?” “हो.” तात्यारावांनी गायीच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, “माझ्या बानं चावडीतल्या खोड्यात तीन दिस काढलं. निजामाच्या वक्ताला. वझं उचलायला न्हाय म्हणला म्हणून. लाकडाचा होता. तीन दिस, समदं बसल्या जाग्याव.” एवढंच बोलले. पुढं त्यांनी ती गोष्ट पुन्हा काढली नाही, प्रसेनजितनंही नाही. पण त्या दिवसापासून गाय आत घेतली की तो घड्याळ बघायचा. बरोबरचे लोक हसायचे, साहेब गायीचा पगार कापणार म्हणायचे. ‘समदं बसल्या जाग्याव’ हे तीन शब्द इतकी वर्षं त्याच्याजवळ होते आणि त्यांचा अर्थ त्यानं पूर्ण उघडून बघितला नव्हता. आज तो फोनच्या काचेवर दिसत होता, घासून गुळगुळीत केलेला. त्याला आजोबांचं तोंड आठवेना, कारण त्यानं ते पाहिलंच नव्हतं. तरी त्या लाकडात बसलेल्या माणसाला तोंड होतं, आणि ते काही केल्या महांतेशचं होत होतं.

साडेदहाच्या सुमारास गाडी फाटकाशी थांबली. श्रीशैल चाळिशीच्या उंबरठ्यावरचा, अंगानं भरलेला, कपाळावर शंकरप्पांसारखीच विभूती, हातात स्टीलचा डबा. वाकून पाया पडला. नेहमीच पडायचा. “शेंगाच्या पोळ्या हायत. आई म्हणली, काकाला गरम करून खा म्हणावं.” डबा टेबलावर ठेवला. प्रसेनजित म्हणाला, “बस.” श्रीशैल बसला. दोघांच्या मध्ये डबा आणि फोन.

“शेळी कुठं आहे, श्रीशैल?”

“कोणची शेळी?”

“मापाची.”

“ती व्हय. आप्पा गेल्यापास्नं न्हाय ठिवत. आता ड्रॉइंग येतंय काका, मिलिमीटरमधी. शेळी कशाला पायजे.”

“म्हणून महांतेशला बसवला.”

श्रीशैलनं फोटोकडं बघितलं. तो पाठवताना त्याच्या ध्यानात आलं नव्हतं हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. खोकी दाखवायच्या नादात त्यानं टोकाचा माणूस बघितलाच नव्हता. “ते पोरं चेष्टा करत्यात,” तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, खालच्या आवाजात, “दवाखान्याचं हाय म्हणत्यात काका. येड्या माणसांच्या. माणूस आपटून घेतंय, सवताला इजा करतंय, म्हणून बांधावं लागतंय. एजंट म्हणला तसं.”

“मग दवाखान्याचं म्हणून का नाही लिहिलंस?”

“लिवलं असतं की. पर तिकडं आसली खुर्चीच बंद हाय. दवाखाना असो न्हायतर आणिक काय असो, यादीतच हाय ती. एजंट म्हणला, तुमच्याकडं जनावर धरायच्या चौकटीला काय म्हणत्यात? म्या म्हणलं, खोडा. तो म्हणला, बास, तेच लिवा.” त्यानं मान वर केली. “आन्‌ खोटं कुठं हाय काका त्येच्यात? खोडाच हाय की.”

ते खरंच होतं, हे प्रसेनजितला कळत होतं. शब्द तोच होता. चावडीत होता तोही खोडा, दवाखान्यात होता तोही खोडा, आणि हाही. सगळ्यांचं नाव एक ठेवून लोकांनी आपली सोय केली होती, आणि त्या सोयीत तो स्वतः तीस वर्षं सुखानं राहिला होता. “किती आहेत?” त्यानं विचारलं. चाळीस, श्रीशैल म्हणाला. एका दवाखान्यात चाळीस? “आणि बैठकीला भोक कशाला, ते विचारलंस?”

“धुवायला सोपं जातंय म्हणला.”

“तू बसून बघितलंस त्यात?”

“म्या?”

“तू.”

“न्हाय.”

“का?”

श्रीशैलनं डब्याच्या कडीशी चाळा केला. कडी उघडली, लावली. त्याच्या मानेवर घाम आला होता. “काका,” तो म्हणाला, “चौदा माणसं हायत माझ्याकडं. फाळ आता कोण घेतंय? आस कोण घेतंय? हे एक काम धरलं वर्षानं. आता ह्या घटकंला कामात खोडा घालू नगासा.”

शब्द तोंडून गेला आणि दोघांनीही तो ऐकला. एरवी दोघं हसले असते. श्रीशैलचे कान लाल झाले. घड्याळात अकराला सात कमी होते. तो पुढं सरकला आणि आता त्याचा आवाज बदलला, घाईचा झाला, लहानपणी हट्ट करायचा तेव्हाचा. “तुम्ही आमच्या घरात राहिलाव. पाच वर्सं. आईनं तुम्हाला सैपाकघरात बसवलं, तवा गल्ली आमच्या घरचं पाणी पीत न्हवती. तिनं तवा कुणाला इचारलं न्हाय. आन्‌ तुम्ही एक शबुद म्हणायला एवढा इचार करताव?”

हे कधीतरी येणार हे प्रसेनजितला जळकोटच्या फोनपासून माहीत होतं, तरी ते आल्यावर छातीत लागायचं तिथंच लागलं. त्याला राग आला, आणि राग येण्याचा आपल्याला हक्क नाही असंही वाटलं. खाल्ल्या मिठाला जागायचं तर आज. दुसरी वेळ येणार नव्हती. एक हो. पत्र तर गेलेलंच आहे. हो म्हणणं म्हणजे नवं काही करणं नव्हतंच, झालेलं तसंच राहू देणं. खोकी बोटीत चढतील, बंदर ओलांडतील, कुठल्या तरी देशात उतरतील, ज्याचं नावही श्रीशैलला धड सांगता आलं नव्हतं. तिथं कुणी माणूस बसवला जाईल, त्याची भाषा वेगळी, देव वेगळा. तोही कुणाला तरी नाही म्हणाला असेल. आणि त्याच्या मनगटावरच्या पट्टीचा कागद कुणी शोधत गेला तर शेवटी एक शिक्का सापडेल, जुन्या नावाच्या जिल्ह्याचा. मग त्याच्या मनात आलं, श्रीशैल खरं बोलला. सिद्धम्मानं कुणाला विचारलं नाही. नवऱ्याला नाही, गल्लीला नाही. दारात उभी राहिली आणि एक शब्द म्हणाली.

फोन वाजला. अकराला दोन मिनिटं होती.

“नमस्कार, प्रसेनजित सर बोलताय का? मी गायत्री, मुंबईहून. तुमचा माल ज्या जहाजानं जाणार, त्या कंपनीच्या तपासणी विभागात असते. तुमच्या सहीचं पत्र आहे माझ्यासमोर. थोडी खातरजमा करायची आहे, पाच मिनिटं.” तरुण आवाज, स्वच्छ, कामाला लागलेला. श्रीशैलनं खूण केली, आणि प्रसेनजितनं फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

“सही तुमचीच आहे ना, सर?”

“हो.”

हो सहज आलं. श्रीशैलनं श्वास सोडला.

“वस्तू तुम्ही समक्ष पाहिलीय?”

पंखा फिरत होता. दुसराही हो जिभेवर तयार होता, पहिल्याच्या मागोमाग. प्रसेनजितला तो दातांना लागलेला जाणवला. “आज पाहिली,” तो म्हणाला. “सकाळी. फोटोत.”

“पण पत्र मागच्या आठवड्यातलं आहे.”

“हो.”

पलीकडं काही टाइप झाल्याचा आवाज आला. “बरं,” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजातली घाई कमी झाली. “मला जरा समजावून सांगाल का? मी शेळी कधी पाळलेली नाही. शेळीला यात कसं ठेवतात?”

हे मात्र त्याला येत होतं. हा प्रश्न असेल असं त्याला वाटलं नव्हतं, आणि तो आला तेव्हा तीस वर्षांची सवय आपोआप बोलू लागली. शेळी समोरून आत घ्यायची. मान दोन दांड्यांच्या मध्ये. पोटाखालून एक पट्टा, तोही सैल, नाहीतर गाभण शेळी असली तर दगावते. तोंडाशी थोडा पाला, म्हणजे ती घाबरत नाही. दहा मिनिटं. फार तर पंधरा. मग सोडायची. “सोडायची,” तो पुन्हा म्हणाला, कारण ती ऐकते आहे ना याची त्याला खात्री हवी होती.

“सर, सुट्या भागांची यादी आहे माझ्याकडे. त्यात चाळीस बैठका लिहिल्यात. बैठक कशासाठी?”

श्रीशैलनं टेबलावरून हात पुढं केला आणि त्याच्या मनगटावर ठेवला. दाबला नाही. नुसता ठेवला. गरम, घामेजलेला, घट्टे पडलेला हात. शंकरप्पांचा हात असाच होता. प्रसेनजितनं तो काढला नाही.

“शेळी बसत नाही, मॅडम,” तो म्हणाला. “खोड्यात शेळी उभी असते.”

“मग बसतं कोण?”

“माणूस.”

टाइप करायचा आवाज थांबला. मनगटावरचा हातही उचलला गेला. पुढं ती सावकाश बोलली. तुम्ही काय सांगताय ते तुमच्या लक्षात आहे ना, सर? यानं तुमचंच पत्र खोटं ठरतं. तो म्हणाला, खोटंच आहे. बघितलं म्हणून लिहिलं आणि बघितलं नव्हतं. तिनं विचारलं, हे लिहून द्याल? आजच, हातानं लिहिलं तरी चालेल, सही करून फोटो पाठवा. माल आता आम्ही जहाजावर घेणार नाही. तो बरं म्हणाला. फोन बंद झाला. अकरा वाजून आठ मिनिटं झाली होती.

श्रीशैल भिंतीकडं बघत होता. रागावला असता तर बरं झालं असतं. “तुमच्याव बी यील काका,” तो शेवटी म्हणाला. “खोटा दाखला म्हणून.”

“येऊ दे.”

“आईला काय सांगू म्या?”

“मी सांगतो. मी येतो उद्या.”

येतो म्हणाला, पण मुरुमच्या त्या स्वयंपाकघरात आता आपल्याला कुणी कुंद्रि म्हणेल की नाही, हे त्याला सांगता आलं नसतं. ते एक ठिकाण होतं. धाराशिवात घर होतं, नोकरीची गावं होती, पण जिथं आपल्याला कुणीतरी हाक मारून बसवलं असं ते एकच होतं, आणि आज सकाळी ते त्यानं हातानं दूर सारलं होतं. त्यानं भाग्यश्रीच्या वहीतला एक कोरा कागद फाडला, आणि टेबलावर पेन शोधू लागला. सापडेना. श्रीशैल उठला, त्यानं खिशातलं पेन काढलं, टोपण काढून ते त्याच्या पुढं ठेवलं आणि टोपण स्वतःच्या मुठीत धरलं.

प्रसेनजितनं तारीख घातली. ‘सदर’ लिहिलं, आणि पुढचा शब्द येईना. खोडा लिहिला की सगळं परत झाकलं जाणार होतं. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला कागदावर या वस्तूचं नाव द्यायचं होतं. त्यानं ‘सदर’ खोडलं आणि खाली एकेक अक्षर जोडत लिहिलं : माणसाला बसवून, बांधून, फार वेळ ठेवण्याची खुर्ची. मी ती समक्ष पाहिलेली नाही. मग मान वर केली. श्रीशैल अजून तिथंच होता, डब्याशेजारी, मूठ आवळून.

“बस की,” प्रसेनजित म्हणाला. “पोळी खाऊन जा.”

“न्हाय काका,” श्रीशैल म्हणाला. त्यानं मागच्या खुर्चीकडं एकदा बघितलं. “उभाच बरा हाय.”